वकील

हस्साजी अष्टमकर गेले, तेव्हा त्यांच्या पेटीत निघालं ते असं:
दोन अंगरखे, भिंग तडकलेली दुर्बीण,
कोकणातून आणलेल्या मिठाची पुरचुंडी, अर्धी संपलेली.
चहूकडे समुद्र असताना माणूस मीठ कशाला जपतो,
मला अजून उमगलेलं नाही.
आणि अठरा वर्षांच्या नोंदवह्या.

वहीचं पान इंग्रजी, समास मोडीत.
इंग्रजी बुशायरच्या साहेबासाठी.
मोडी कोणासाठी, ते लिहिलेलं नाही.
मनामाच्या बंदरात मोडी वाचणारा आता मी एकटा.

वकील म्हणत त्यांना.
आपल्याकडे तोच शब्द, अरबांकडे तोच;
भाषांतर करावं न लागणारा एवढा एकच शब्द
त्यांच्या वाट्याला आला, आणि तोच अंगाला चिकटला.
शेखाला वाटे, हा साहेबाचा कान.
साहेबाला वाटे, यानं शेखाचं मीठ खाल्लंय.

आजा अष्टमी गावात घाणा हाकायचा,
शनिवारी बैल सोडायचा. शनवार तेली.
नातू शेखाच्या मजलिशीत गुडघा मोडून बसायचा,
तिसऱ्या कॉफीनंतर पेला हलवायचा, पुरे म्हणून,
आणि शनिवारी सरकारी लखोट्यालाही शिवायचा नाही.
आगबोट खोळंबली, तर म्हणे,
बैल थांबायचा, आगबोटीला काय झालं?

एकदा तोफांचं जहाज नऊ दिवस समोर उभं.
शेखानं लिहिलं होतं ‘ऐकलं’,
साहेबाला हवं होतं ‘मानलं’.
हस्साजींनी असा एक इंग्रजी शब्द शोधला
की दोघंही जिंकून घरी गेले.
तो शब्द मी कोशात पाहिला. त्याचा अर्थ कोशालाही नीट ठाऊक नाही.

मग मबरूक.
मोत्यांच्या हंगामातला पाणबुड्या, विकत घेतलेला.
पहाटे आला, निशाणाच्या खांबाला मिठी मारून बसला.
खांब धरला की सुटका, असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं.
नाखवा आला, विक्रीचा कागद दाखवला, शांतपणे.
विचारलं बुशायरला. सात आठवड्यांनी उत्तर:
स्थानिक चालीप्रमाणे करावे.
हस्साजींनी चालीप्रमाणे केलं.
इंग्रजीत एक ओळ: प्रकरण मिटले.
समासात मोडीत:
आज खांब ओला होता. पाऊस नाही.

इथे समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे आहेत.
पाणबुडे चामड्याची मसक घेऊन उतरतात,
तोंड दाबून वर येतात, खाऱ्यातून गोडं.
हस्साजी रोज तेच पाणी मागवत.
मबरूकनंतर ते विहिरीचं पिऊ लागले, मचूळ.
हे वहीत नाही. हे पखालवाल्यानं सांगितलं.

पुढच्या तीन वर्षांत अकरा जणांनी खांब धरला.
अकराही जणांना सुटकेचा कागद मिळाला,
मोहोर सरकारी, अक्षर हस्साजींचं.
परवानगी? प्रत्येक वेळी एकच खुलासा:
विचारणा धाडली होती, टपालाची होडी बुडाली,
उत्तराची वाट पाहणे शक्य नव्हते.

मी सगळ्या वह्या चाळल्या. घाटावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं.
त्या तीन वर्षांत एकही होडी बुडालेली नाही.
वाराच असा होता, म्हणाले, एखादी बाई सूप पाखडेल तेवढा.

आज बुशायरहून माझ्या नावानं पहिलं पत्र:
कैलासवासी वकिलांच्या काळात बुडालेल्या होड्यांची
नावे, नाखवे, मनुष्यहानी कळवावी.
कैलासवासी लिहिलंय. यहुद्याला. भाषांतर माझंच, चूक माझीच.

टाक बुडवला. बराच वेळ तो हवेतच राहिला.
मग पहिल्या होडीचं नाव लिहिलं: अष्टमी.
वल्ही सहा. माणसं सगळी पोहून आली.

दहा होड्या राहिल्या आहेत.
उद्या शनिवार.
परवा लिहीन.